काम नेमकं कुठे अडलं आहे?

“मॅडम, माझं कुठलंच काम तडीस जात नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे.” नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य बाराही महिने ऐकू येतं. कुणाचा प्रबंध शेवटच्या प्रकरणाशी थांबलेला असतो, कुणाचं मृत्युपत्र मसुद्यातच राहिलेलं असतं. कामं वेगवेगळी, पण स्वतःवर ठेवलेला ठपका एकच: आळस. म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई महालातल्या, साठीच्या उंबरठ्यावरच्या. लेकीला दिवस गेले तेव्हा भाचीने त्यांना अमेरिकेहून जेली रोल आणून दिला होता. जेली रोल म्हणजे अडीच इंच रुंद आणि पन्ह्याइतक्या लांब, अशा साधारण ४० रंगीत सुती पट्ट्यांची गुंडाळी. कापायची कटकट नाही, जोडत गेलं की गोधडी. नात जन्मायच्या आत ती तयार व्हायची होती. नात आता दुसरीत आहे आणि बोचकं अजून कपाटावर.

“रोज दिसते ते. दिसलं की वाटते, काय करून राहिली मी?”

पहिल्या काही भेटींत कारणं निघाली: सासूबाईंचं दुखणं, मशीन बिघडलं, नागपूरचा उन्हाळा. सगळी खरीच होती. पण त्याच वर्षांत ताईंनी लेकीचे ब्लाऊज शिवले होते, शेजारणींच्या साड्यांना फॉल लावले होते, दर दिवाळीला दोन घरांचा फराळ केला होता. आळशी माणसाची ही लक्षणं नव्हेत. मी त्यांना बोचकंच घेऊन यायला सांगितलं. रखडलेलं काम समोर मांडून बघावं, असा माझा आग्रह असतो. त्याबद्दल नुसतं बोलत राहिलं की माणूस स्वतःला दोष देत बसतो, काम बाजूलाच राहतं.

टेबलावर गोधडी उलगडली. तिची रीत मला फार आवडली. सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडून एकच लांबलचक पट्टी करायची, जवळपास १६०० इंचांची. ती दुमडून काठाला काठ शिवायचा, म्हणजे पहिली शिलाई ८०० इंच, वीस मीटर! पुन्हा दुमडून ४००, मग २००, १००, आणि शेवटची ५०. पाच शिलायांत गोधडीची वरची बाजू तयार.

“कुठवर आलं होतं?”

“चौथी झाली होती. तिथंच मधे झोळ आला बघा.”

“मग?”

“उसवायला बसली. दोन वीत उसवलं अन् ठेवून दिलं.”

“पूर्ण उसवायचं की झोळ ठेवून पुढे जायचं, हे ठरलं होतं का?”

ताई बराच वेळ गोधडीकडे बघत राहिल्या. “नाही. तेच तर ठरलं नाही. अजूनही नाही ठरलं.”

या उत्तरासाठीच मी थांबले होते. उसवलेले दोन वीत शिवायचे आणि वर ५० इंचांची एक शिलाई, एवढ्यावर वरची बाजू येऊन ठेपली होती. सात वर्षं अडला होता तो निर्णय. इतक्या वर्षांच्या कामात मला हेच दिसत आलं आहे: रखडलेल्या बहुतेक कामांच्या मुळाशी न घेतलेला एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयामागे कुणाची तरी नजर.

“झोळ तसाच राहिला तर काय होईल?”

“विहीणबाई बघतील. त्यांचा शिवणक्लास आहे, मॅडम.”

“बघितला. पुढे?”

“म्हणतील, हिला धड शिवता येत नाही.”

“म्हणाल्या. मग?”

ताई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “मग काय... त्या म्हणतील, अन् पोरगी पांघरून झोपेल.”

हे मी त्यांना सांगितलं असतं तर उपदेश झाला असता. त्यांनीच म्हटलं आणि त्यांचे खांदे सैल झाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशा क्षणांमुळे. आपल्याला त्रास देते ती चूक नव्हे. ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये’ ही आपली अट त्रास देते. झोळाचं कारणही साधं होतं. मशीनचे दाते खालचं कापड जास्त ओढतात, वरचं मागे राहतं, आणि लांब शिलाईत तो फरक साचत जातो. शिकलेल्या हातांनाही हे होतं.

“पण आता ती मोठी झाली,” ही शेवटची अडचण. मी टेप पुढे केला. पूर्ण झाल्यावर गोधडी साधारण ५० बाय ६४ इंच भरणार होती. तान्ह्या बाळाला ती अवाढव्य झाली असती. चार फुटांच्या नातीला मात्र आत्ता बरोबर मापाची होती. ताईंनी दोनदा मोजून पाहिलं.

तुमच्याही घरी असं काही पडून असेल, तर आधी तारीख ठरवू नका. ती चुकली की ठपका वाढतो. वस्तू बाहेर काढा, कुठे थांबलात ते शोधा आणि तिथे कुठला निर्णय घ्यायचा होता तो एका ओळीत लिहा. तो कुणाला घाबरून टळला, तेही लिहा. मग फक्त पुढची एक शिलाई. घरच्यांनी ‘फेकून दे’ म्हणू नये आणि ‘कधी होणार?’ असंही विचारू नये. अर्धवट काम माणूस विसरत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच बर्लिनमधल्या प्रयोगांवरून हे मांडलं होतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच दिसलं नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्यांच्या बाबतीत मला ते पटतं. आठवण करून देण्याची गरज त्यांना नसतेच.

ताईंनी झोळ ठेवला. गांधीबागेतून अस्तर आणलं, आत जुनी सुती साडी घातली आणि हाताने दाट धावदोरा घातला. त्यात झोळ बराचसा जिरला. गोट लावून गोधडी थंडीच्या आधी नातीकडे पुण्याला गेली. मग त्यांनी कपाटावरची उरलेली बोचकीही काढली. प्रत्येक काम पूर्ण करायलाच हवं असं मी कधीच म्हणत नाही, सोडून देणं हाही निर्णयच. क्रोशाचा अर्धा टेबलक्लॉथ त्यांनी शेजारच्या मुलीला सुईसकट देऊन टाकला आणि जुना अर्धा स्वेटर उसवून लोकर मोकळी केली.