पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात: पीसीओएसची तपासणी आणि उपचार कमी पैशांत होतात का?

पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस आहेत, लॅबने साडेपाच हजारांचं हार्मोन पॅकेज सांगितलंय आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी चाललीये, असं तू लिहिलंयस. ते पॅकेज तूर्त राहू दे. मी डॉक्टर नाही, पण पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचं हे दुखणं, कॉलेजपासून सांभाळतेय.

निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळीची अनियमितता ही एक. पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, म्हणजे राठ केस, चिवट मुरुम किंवा रक्तात ते हार्मोन जास्त निघणं, ही दुसरी. तिसरी सोनोग्राफीत अंडाशयात खूप बारीक पुटिका दिसणं. तुझ्यात पहिल्या दोन दिसतात, आणि 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा वेळी सोनोग्राफी लागतच नाही. फक्त दुसरं काही नाही ना हे बघायला टीएसएच (थायरॉईडची) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) या रक्ततपासण्या, क्वचित आणखी एखादी तपासणी. शिवाय 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. उलट पाळी वेळेवर असताना नुसत्या सोनोग्राफी रिपोर्टवरच्या 'पीसीओडी' (पीसीओएसलाच लोक असंही म्हणतात) शब्दापायी गोळ्या खाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पैसे तिथेच जातात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, गावी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. स्त्रीरोग ओपीडीचा वार आधी विचार आणि मागच्या पाळ्यांच्या तारखा लिहून ने. त्या कागदाचा रिपोर्टइतकाच उपयोग होतो. 'लग्न झालंय का' हे विचारतीलच. गरोदरपणाची जराही शक्यता असेल तर तेही स्पष्ट सांग. सोनोग्राफी करायचीच ठरली तर ती पोटावरूनही होते.

पाळी तीन महिन्यांच्या पलीकडे गेली तर मात्र वाट बघू नकोस. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं पुढे धोक्याचं ठरतं. डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणतात. नेहमीसाठी गर्भनिरोधक गोळ्या किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ती गोळी) देतात. दोन्ही जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, पण चिठ्ठीशिवाय घेऊ नकोस. अर्धशिशी, बीपी, रक्ताची गुठळी असं काही असेल तर गर्भनिरोधक गोळीआधी सांग. (पाकीट घरच्यांच्या हाती लागून महाभारत होतं. पाळीसाठी दिल्याचं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलेलं बरं.) मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची. पीसीओएसवर पूरक म्हणून विकतात त्या इनोसिटॉलच्या पुड्या महाग आणि पुरावा तोकडा. मी तरी घेत नाही.

पीसीओएसचा म्हणून खास डाएट नसतो. मेसमध्ये भात कमी, उसळ दुप्पट घे, अभ्यासिकेतल्या गोड चहाचे कप मोज, रोज भरभर चाल. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही पाळीत फरक पडतो. बारीक असशील तर उपाशी राहण्यात अर्थ नाही.

केसांवर गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग खुशाल कर, त्याने केस जाड होत नाहीत.