एक्स्चेंजचा धूर आणि बावधनचा हप्ता

बावधनहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. त्यातली तीन पानं कार्बन उत्सर्जनावर. वय ४३, हिंजवडीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख ९० हजार. घरी पत्नी, आठवीतला मुलगा आणि आई. कमावणारे हे एकटेच. शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर झाडांना पाणी घालायला जातात. प्रश्न असा : 'शेअर बाजार चालवणाऱ्या कंपन्याही आता नेट झीरोचा, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा, शब्द देतायत. एफडी मोडून अशा एक्स्चेंजच्याच शेअरमध्ये ८ लाख घालू का? पर्यावरण सांभाळणाऱ्यांना पुढे भाव येणारच. वर्षाला २५ टक्के धरले तरी दहा वर्षांत गृहकर्ज फिटतं.'

घालू नका. कारण सांगतो.

एक्स्चेंजला धुराडं नसतं. कंपनीचं उत्सर्जन 'स्कोप' नावाच्या तीन गटांत मोजतात. जनरेटरचं डिझेल जळतं ते स्कोप १, डेटा सेंटर आणि एसीसाठी विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि पुरवठादार, प्रवास वगैरे स्कोप ३. तिथे नोंदलेल्या सिमेंट, पोलाद, कोळशाच्या कंपन्यांचा धूर एक्स्चेंजच्या खात्यात धरत नाहीत. त्यामुळे नेट झीरोसाठी देशाने २०७० साल धरलं असताना लंडन स्टॉक एक्स्चेंज ग्रुप २०४० म्हणू शकतो. पोलाद कारखान्याने हेच म्हणणं वेगळं. बऱ्याच दलालांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये असतात. त्यांची वीज कुणाच्या नावावर मोजली आहे, तेवढं मात्र कंपनीच्या पर्यावरण अहवालात जरूर बघा.

अहवाल मिळतात. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ते सक्तीचे केलेत. बीएसईला स्वतःच्याच बाजारात नोंदणी करता येत नाही म्हणून तिचा शेअर २०१७ पासून एनएसईवर आहे, आणि तिलाही हा नियम लागतो. वाचताना एक गोम लक्षात ठेवा. उत्सर्जन उत्पन्नाच्या दर रुपयामागेही दाखवतात. ऑप्शनची (पुढच्या तारखेच्या भावावर लावायच्या सौद्यांची) उलाढाल फुगली की एक्स्चेंजचं उत्पन्न वाढतं आणि हा आकडा आपोआप खाली येतो, विजेचं एक युनिटही न वाचवता.

आणि ऑप्शनची ही कमाई येते कुठून? सेबीच्याच अभ्यासात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के सामान्य ट्रेडर तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणारे सौदे, एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. एक्स्चेंजच्या शेअरचा भाव हलतो तो अशा परिपत्रकांनी. तुमच्या २५ टक्क्यांनी ८ लाखांचे दहा वर्षांत ७४ लाख होतात, ११ टक्क्यांनी पावणेतेवीस. एक्सेलमध्ये २५ लिहायला काही लागत नाही हो!

आता तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही जाता जाता लिहिलंय त्याकडे येतो. 'बँकेतल्या मॅडमनी दिलेला विमा आहेच. वर्षाला १ लाख २० हजार भरतो, चार हप्ते झाले, २० वर्षांनी ४० लाख मिळतील. टर्मही झाला आणि गुंतवणूकही.'

टर्म, म्हणजे कमी हप्त्यात फक्त मृत्यूनंतर मोठी रक्कम देणारा विमा, नाही झाला. विमा रक्कम १२ लाख आहे, तुम्हीच लिहिलीय. गृहकर्ज ५८ लाख बाकी, महिन्याला ५४ हजारांचा हप्ता, अजून १७ वर्षं. उद्या तुम्हाला काही झालं तर या १२ लाखांत बावीस हप्ते जातील आणि घरात किराणा भरायला काही उरणार नाही. कंपनीचा ३० लाखांचा ग्रुप विमा नोकरी आहे तोवरच. कार्बनवर तीन पानं लिहिणारा माणूस यावर दीड ओळ लिहितो, याचं मला वाईट वाटलं.

गुंतवणूक म्हणून बघाल तर २४ लाख भरून ४० लाख म्हणजे जेमतेम पावणेपाच टक्के. पण गेलेलं गेलं. आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच सोडली, तर किमान निम्मे, म्हणजे २ लाख ४० हजारांच्या आसपास यावेत. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. चालू ठेवली तर इथून पुढच्या पैशावर सव्वासहा टक्के पडतील. तुमचं कर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे. पॉलिसी सोडा, आलेले पैसे कर्जात भरा.

पण आज नाही! आधी दीड ते पावणेदोन कोटींचा साधा टर्म विमा, साठीपर्यंतचा. वर्षाला ३५ ते ४५ हजार धरा. तो मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलाचीच राहते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनी सोडायची.

एफडीला हात लावू नका. घरखर्च ७५ हजार आणि हप्ता ५४ हजार. हे ८ लाख म्हणजे नोकरी गेली तर जेमतेम सहा महिने. हिंजवडीत सहा महिने काय असतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पगारातून हप्ता, घरखर्च आणि विमा वजा केला की महिन्याला ५० हजार उरायला हवेत. ते कुठे जातात ते पत्रात नाही. शोधा. त्यातले ५ हजार एक्स्चेंजच्या शेअरमध्ये घातलेत तर माझी तक्रार नाही, हौसेला मोल नसतं.

रक्तदाबाची गोळी चालू आहे असंही तुम्ही लिहिलंय. टर्मच्या फॉर्ममध्ये ते स्पष्ट लिहा, प्रीमियम थोडा चढला तरी चालेल. आणि फॉर्म स्वतः भरा, मॅडमकडून भरून घेऊ नका.