एम्प्रेस गार्डनमधले पक्षी: लेन्स आहे तीच ठेवा, हिंडणं कमी करा

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये तुम्ही दोन रविवार ७०-३०० मिमीची झूम लेन्स घेऊन फिरलात. पक्षी भरपूर दिसले, पण फोटो एक तर हललेले, नाहीतर काळपट. जवळ गेलं की पक्षी उडतो, तर मोठी लेन्स घेऊ का, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: या थंडीत लेन्सवर रुपयाही घालू नका. पाय थांबवा.

थंडीतले पाहुणे बागेत उगाच भटकत नसतात. पानापानांत सतत हलणारा, 'चि-स्वी' असं ओरडणारा हिरवट वटवट्या हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. इथे आला की नर असो वा मादी, प्रत्येक जण थंडीभर झाडांचा आपापला तुकडा राखतो आणि दुसरा आत घुसला की हाकलतो. आज ज्या झाडावर दिसला, तिथेच पुढच्या रविवारीही भेटण्याची शक्यता मोठी.

तांबड्या छातीचा माशीमार तर शिकायला उत्तम. चिमणीहून लहान, वरून तपकिरी. गळा नारिंगी असतो तो वयात आलेल्या नराचाच, त्यामुळे मादी किंवा कोवळा पक्षी साधाच दिसतो आणि नजरेतून निसटतो. शेपटी बघा: झटक्यात वर उचलतो आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. सोबत कोरडा 'ट्रर्रर्र'. फांदीवरून सुटतो, हवेत नाहीतर जमिनीवर किडा टिपतो आणि बरेचदा त्याच फांदीवर नाहीतर शेजारच्या फांदीवर परततो. मी सुरुवातीला तो सुटला की त्याच्यामागे जायचो आणि पाठीचेच फोटो मिळायचे. मग एका जानेवारीत एका बुंध्याला टेकून वीसेक मिनिटं नुसता उभा राहिलो. तो चार हातांवरच्या वाळक्या काटकीवर येऊन बसला, किडा गिळला, चोच फांदीवर दोन्हीकडून पुसली. लेन्स तुमच्यासारखीच होती.

तेव्हा फांदी हेरा, सूर्य पाठीशी घ्या, फांदीवर आधीच फोकस करून ठेवा.

आता हललेले फोटो. जुन्या उंच झाडांखाली सकाळी उजेड फार कमी असतो आणि कॅमेरा आपणहून शटर मंदावतो. बसलेल्या पक्ष्यालाही शटर १/५०० सेकंदाहून मंद होऊ देऊ नका. अॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) पूर्ण उघडं, आयएसओ (उजेडाबाबत कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ३२००. फोटोत दाणे दिसतील, चालेल; हललेला डोळा काही केल्या सुधारत नाही. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर. काळपटपणाचं कारण बहुतेक वेळा मागचं आभाळ असतं. एक्स्पोजर +१ करा, म्हणजे फोटो उजळतो, किंवा त्याहून बरं, दोन पावलं सरकून मागे झाडोरा आणा.

वड-उंबर फळांवर असेल तर निम्मी सकाळ तिथेच घालवा. तांबट, कोकीळ, हळद्या, राखी धनेश तुमच्याकडे लक्षही देत नाहीत. आणि बुलबुल, शिंपी, वटवटे सगळे एकदम कलकलाट करू लागले, तर त्या झाडात पिंगळा किंवा शिक्रा असा शिकारी पक्षी शोधा.

एक कळकळीची विनंती: मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. आपल्या तुकड्यात दुसरा शिरलाय असं समजून तो खाणं सोडून भांडायला येतो. पिंगळ्यावर फ्लॅश नको, आणि घरटं दिसलं तर त्याची जागा कुणाला सांगू नका.

फेब्रुवारीच्या मध्यात ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते, चार दिवस. किमान १५ मिनिटं पक्षी मोजून नोंदवायचे असतात. ती १५ मिनिटं एकाच झाडाखाली उभे राहा आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कोण कुठल्या फांदीवर परत येतो ते वहीत लिहा, मग पुढच्या रविवारी तिथेच जा. माशीमार मार्चपर्यंत तरी इथेच आहे.