प्रत्येक तालुक्याला मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल झाल्याशिवाय खेड्यातली आरोग्यसेवा सुधारेल का?

सुधारेल. हेच मी आमच्या थोरल्या चुलतभावाला, म्हणजे दादांना, २०१३ पासून सांगतोय.

त्या जुलैत आई लावणीसाठी रोपं उपटत होती आणि हाताला घोणस चावली. आमचं गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ ला आली, त्यामुळे त्या दिवशी सगळी मदार दादांच्या सुमोवर. फाट्यावर गाडी थांबवून दादा म्हणाले, "सरळ पुणं गाठू. इथल्या सरकारी दवाखान्यात क्रोसिनशिवाय काय मिळतं?" मी म्हटलं, आधी दवाखाना. पाच मिनिटं भांडलो. मागच्या सीटवर आईने पदराने तोंड पुसलं, तर पदर लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. दादांनी मुकाट्याने गाडी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे (पीएचसी) वळवली.

तिथे कंत्राटी बीएएमएस डॉक्टर आणि एक सिस्टर. सिस्टरने आईचं रक्त काचेच्या कोरड्या परीक्षानळीत घेतलं आणि नळी स्टीलच्या पेल्यात कापूस घालून उभी केली. वीस मिनिटं तिला धक्का लावायचा नाही. दादा उचलून बघायला गेले तर सिस्टरने हातावर चापट मारली. (पंचायत समितीच्या माजी सदस्याच्या हातावर! मला आजही बरं वाटतं.) वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे गोठणं बंद. ही तपासणी करायला एमडी लागत नाही, प्लास्टिकची नसलेली एक नळी आणि भिंतीवरचं घड्याळ लागतं.

सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या हव्या होत्या, फ्रिजमध्ये होत्या सहा. चार आणायला शिपाई भर पावसात मोटारसायकलवर शेजारच्या केंद्रात गेला. तोवर सिस्टर एकेक बाटली तळव्यांत घोळवत पावडर विरघळवत होती, हलवली तर फेस येतो म्हणाली. रिअॅक्शन आली तर म्हणून डॉक्टरांनी अॅड्रिनलिन भरून उशाशी ठेवलं आणि सलाईन सुरू केलं. पुण्याला आम्ही रात्री निघालो, पण औषध अंगात गेल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. साप बांधावर चावतो, शहराच्या चौकात नाही. पहिला डोस बांधापासून जवळ मिळायला हवा. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा नियम आहे आणि बऱ्याच ठिकाणी इमारतीही आहेत. नसतं ते आत रात्री माणूस आणि फ्रिजमध्ये पुरेशा बाटल्या. आमच्या त्या डॉक्टरांचं कंत्राट संपलं, नंतर बरेच महिने जागा रिकामीच. नवीन हॉस्पिटलचे नारळ फोडणाऱ्यांना ती दिसत नाही. आणि पीएचसीत काय होणार म्हणणाऱ्यांनी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव काढून बघावं. विंचूदंशावरचं त्यांचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रातून सुरू झालं, २०२२ ला पद्मश्री मिळाली.

तुम्हाला करता येण्यासारखं: तुमच्या केंद्रात जाऊन विचारा, लसीच्या बाटल्या किती, मुदत कधी संपते, रात्री कोण असतं. उत्तर नीट मिळालं नाही तर ग्रामसभेत लेखी विचारा. मी दर मे महिन्यात विचारतो, तिथे सगळे मला वैतागलेत.

आता दादांची बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. घोणशीच्या विषाने आईची किडनी दुखावली, पुण्यात दोनदा डायलिसिस करावं लागलं. मण्यार चावली असती तर श्वासासाठी व्हेंटिलेटरही लागला असता. तेव्हा मोठं हॉस्पिटल नकोच असं नाही. आणि मी डॉक्टर नाही, घरचं पाहिलेलं लिहितोय. चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलवू नका.

"शेवटी पुण्यालाच गेलो ना?" हे दादांचं पालुपद. गेलो ना. पण डायलिसिसच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला, ते दादा कधी सांगत नाहीत: "लस किती वाजता सुरू केली?"

दादांचा मुलगा इथे वाचत असतो. बाबा रे, त्यांना हे वाचून दाखव. आणि त्या दिवशीच्या डिझेलचे पैसे मी दिलेत, हेही सांग.