मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळांचा सर्व्हे करायचा आहे, तयारी कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पाच-सहा जणांनी मालवणच्या अभयारण्यात प्रवाळांची पाहणी करायची आहे, तर परवानगी, हंगाम आणि सामान यांचं कसं जमवायचं?

आधी एवढंच ठरवा की पाण्यातून काही वर आणायचंय की नाही. हे अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला-पद्मगडाभोवतीचा गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. नुसता अभ्यास आणि फोटो असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. नमुना घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कायद्यातल्या 'शिकारी'च्या व्याख्येत प्राण्याच्या शरीराचा भाग काढून घेणंही येतं. म्हणजे बोटभर तुकडा तोडला तरी ती शिकार, आणि त्याला कलम १२ ची वेगळी परवानगी लागते. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही खिशात घालू नका. एमएस्सीला डीएनएचं काम नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: फोटोंवर भागवा. अर्ज निदान चार महिने आधी टाका. त्यात ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, होडीचा तपशील, प्रत्येकाचं नाव आणि डायव्हिंगचं प्रमाणपत्र द्या. पाण्याखाली लॉगर (ठरावीक वेळाने तापमान टिपणारं छोटं यंत्र) बांधणार असाल तर तेही लिहा. हे हमखास राहून जातं आणि मग जागेवर अडवतात.

परवाना हातात आला की मच्छीमार सोसायटीत जाऊन काय करणार ते सांगा. अभयारण्याला इथे सुरुवातीपासून विरोध आहे, आणि वही-कॅमेरा घेऊन आलेला माणूस म्हणजे नव्या बंदीची नांदी, असं लोकांना वाटतं. त्यात त्यांची चूक नाही. शिवाय खडप (पाण्याखालचा खडकाळ भाग) नेमकं कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

हंगामाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर विसरा. डायव्हिंगसाठी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणारे दिवस धरा. तेव्हा ओढ कमी असते आणि गाळ कमी उठतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते, ते दिवस उघड्या पडणाऱ्या खडकांवर पायी फिरून नोंदी घ्यायला ठेवा. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो. दुपारकडे समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला की पाणी ढवळतं, म्हणून अकरापर्यंत वर या.

आता पद्धत. रीफ चेक या प्रवाळ-पाहणीच्या जागतिक कार्यक्रमाची १०० मीटरची रेषा (२० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटर मोकळे, दर अर्ध्या मीटरला एक नोंद) मोठ्या रीफसाठी (सलग प्रवाळ-खडकासाठी) आहे. मालवणात प्रवाळ खडकांवर विखुरलेले असतात, त्यामुळे ती रेषा अर्धी वाळूवरून जाते आणि प्रवाळाचं प्रमाण उगाच कमी दिसतं. त्याऐवजी १० किंवा २० मीटरची फायबरची टेप एकाच खोलीवर ताणून धरा आणि तिच्या कडेने ५० × ५० सेंमीच्या चौकटीत फोटो घ्या. चौकट पीव्हीसी पाइपची करा, पण पाइपला दर १५ सेंमीवर भोकं पाडा. नाहीतर आत हवा राहते, चौकट तरंगते आणि ती दाबून धरताना कोपरा प्रवाळावर घासतो. पाणी गढूळ असेल तर २५ × २५ ची चौकट घेऊन कॅमेरा जवळ न्या. लेन्सजवळचा फ्लॅश बंद ठेवा, कारण तरंगणारे कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात. टेपवाला पुढे, फोटोवाला त्याच्या मागे, आणि पाय मारायचे ते बेडकासारखे आडवे. खाली फिन (पायातलं वल्ह्यासारखं पातं) हलला की गाळ उठतो आणि पुढची काही मिनिटं फोटो वायाच.

सगळ्यात जास्त फसवतं ते सरगॅसम. पावसाळ्यानंतर हे शेवाळ वाढून प्रवाळांवर पसरतं. डिसेंबरचे फोटो एप्रिलच्या फोटोंशी ताडले तर प्रवाळ 'वाढलेला' दिसतो, प्रत्यक्षात फक्त शेवाळ गेलेलं असतं. तुलना करायची तर दरवर्षी त्याच महिन्यात करा.

ब्लीचिंगची, म्हणजे ताणामुळे प्रवाळ पांढरा पडण्याची नोंद नुसत्या नजरेने करू नका. क्वीन्सलंड विद्यापीठाचा कोरलवॉच तक्ता घ्या. त्यात रंगाच्या चार पट्ट्या आणि प्रत्येकीत १ ते ६ छटा असतात. प्रत्येक वसाहतीचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग, दोन्ही टिपा. पांढरा दिसला म्हणजे मेलाच असं नाही. अगदी जवळून पाहिलं तर ब्लीच झालेल्यावर काचेसारखे पारदर्शक पॉलिप (वसाहतीतले इवले जिवंत प्राणी) दिसतात. मेलेल्यावर नुसता सांगाडा असतो आणि लवकरच त्यावर हिरवट-तपकिरी लव चढते. पोराइटिस या दगडी प्रवाळावरचे गुलाबी ठिपके ब्लीचिंगमध्ये मोजू नका.

हवेचा हिशेब आधीच करा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार भरले आणि ५० बार राखीव ठेवले, तर १८०० लिटर हातात राहतात. ५ मीटरवर काम करणारा माणूस मिनिटाला साधारण ३० लिटर ओढतो, म्हणजे तासभर. प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं तर त्याहून कमी, त्यामुळे एका सिलिंडरमध्ये ४५ मिनिटांचंच काम बसवा.

नांगर वाळूतच टाका, किंवा तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) होडी चालू ठेवून आसपास थांबायला सांगा. खडपावरून ओढला गेलेला एक नांगर तुमच्या अख्ख्या सर्व्हेपेक्षा जास्त नुकसान करतो. हातातल्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असतेच, म्हणून पुन्हा तिथेच यायचं तर मच्छीमारांसारख्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून लिहून ठेवा.

तापमानाचा लॉगर जिवंत प्रवाळ नसलेल्या खडकाला, सावलीच्या बाजूला बांधा आणि वर टेप गुंडाळा, म्हणजे चढलेले बार्नॅकल (खडकाला चिकटणारे कवचधारी जीव) टेपसकट निघतात. लावण्यापूर्वी आणि काढल्यावर बर्फाच्या पाण्यात ठेवून ० अंश दाखवतो का ते बघा. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर ब्लीचिंगचं गणितच कोसळतं, कारण तिथे उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा १ अंश वर म्हणजेच धोका धरतात.