दोन एकरांचे गहाणखत

प्रश्न : माझ्या मुलीला इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) पहिल्या फेरीत कोल्हापूरच्या एका खासगी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला जागा मिळाली आहे, ती आमच्या पहिल्या पसंतीची नव्हती. यजमानांना मात्र पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, कॉम्प्युटरच हवे आहे. चार वर्षांचे बारा लाख होतील आणि त्यासाठी ते दोन एकर जमीन पतसंस्थेकडे गहाण ठेवायला निघाले आहेत. दीर म्हणतात, परक्या घरी जाणाऱ्या मुलीवर एवढे कशाला? मला कर्जाची धास्ती वाटते, पण तसे बोलले की मी दिरांच्या बाजूची ठरते. आमचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख असून कुणबी दाखला आहे. मी काय करावे?
— एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या घरात दोन निराळे वाद एकमेकांत गुंतले आहेत. मुलीला शिकवावे की नाही, हा दिरांनी काढलेला वाद. कोणती जागा घ्यावी आणि तिच्यासाठी किती देणे अंगावर घ्यावे, हा यजमानांच्या आग्रहातून उभा राहिलेला दुसरा. तुमचा आक्षेप केवळ दुसऱ्यावर आहे, आणि तो घरात उघड बोलण्यासाठी तुमच्या हाती आकडे असले पाहिजेत, कारण धास्ती एवढेच कारण सांगितले तर तिचा हवा तसा अर्थ लावला जातो.

सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि ही सवलत खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतही मिळते. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा; मॅनेजमेंट कोट्यातील जागेला ही माफी लागू होत नाही. म्हणजे कोल्हापूरच्या जागेवर तुमच्या मुलीचे शिक्षण शुल्क शासन भरेल आणि पुण्याच्या जागेवर पै न पै तुम्ही भराल.

आता यजमानांच्या बेताचा हिशेब मांडू. बारा लाखांचे कर्ज बारा टक्के दराने दहा वर्षांसाठी धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,२०० रुपये येतो. तुमचे महिन्याचे उत्पन्न सरासरी २९,००० आहे. उरलेल्या बारा हजारांत घर, शेतीची मशागत, आजारपण आणि सणवार बसवायचे आहेत, आणि हे मुलीच्या पहिल्या पगारापर्यंत किमान चार वर्षे चालवायचे आहे, कारण तारण कर्जाचा हप्ता सहसा पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. एखाद्या वर्षी ऊस गेला किंवा दुभते जनावर दगावले, की तो हप्ता थकलाच म्हणून समजा.

कोल्हापूरला राहिल्यास खर्च शून्य होईल, असे मात्र समजू नका. वसतिगृह, मेस, लॅपटॉप आणि महाविद्यालयाची इतर शुल्के धरून वर्षाला लाखभर रुपये लागतील असे मानू. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. चार लाखांपर्यंत या कर्जाला तारण लागत नाही. पालक सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढेच. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होते. दर वर्षी एक लाख उचलले आणि दहा टक्के व्याज त्या-त्या वेळी भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३० आणि चौथ्या वर्षी ३,३३० रुपये भरावे लागतील, आणि पुढे दहा वर्षांचा हप्ता ५,३०० रुपयांच्या आत राहील. व्याज साचू दिले तर तोच हप्ता सात हजारांवर जातो. साडेचार लाखांखालील उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजनाही आहे. शुल्कमाफी घेतल्यावर ती मिळते का, हे बँकेत आधीच विचारा.

पुण्याच्या महाविद्यालयाने ठरलेल्या शुल्काखेरीज, पावती न देता, आणखी काही रक्कम मागितली असेल, तर ती देणगी ठरते. अशा देणगीला, म्हणजे कॅपिटेशन शुल्काला, राज्यात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे, शिवाय त्या पैशासाठी बँक कर्ज देणार नाही.

कॉम्प्युटरचा आग्रह मला अगदीच गैर वाटत नाही. पण आपल्याकडे शाखेपेक्षा ‘पुणे’ या नावालाच अधिक वजन असते, असा माझा अनुभव आहे. कॅपच्या पुढच्या फेऱ्या शिल्लक आहेत. कोल्हापूरची जागा स्वीकारून बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक पसंतीची जागा मागण्याचा, पर्याय ठेवा आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातील कॉम्प्युटरच्या जागा पसंतीक्रमात वर घाला. वरची जागा मिळाल्यास आधीची आपोआप सुटते, तेव्हा खरोखर हव्या असलेल्या जागाच वर असू द्या. त्यातूनही कॉम्प्युटर मिळाले नाही, तर इलेक्ट्रॉनिक्स घेऊन संगणकाच्या विषयांत मायनर पदवी (मुख्य शाखेबरोबरची जोड पदवी) करण्याची सोय त्या महाविद्यालयात आहे का, ते पाहा.

तुमच्या पत्रात यजमान बोलतात, दीर बोलतात, तुम्ही बोलता. मुलीला काय हवे, हे मात्र एका ओळीतही नाही. यजमानांशी बोलण्याआधी तिला जवळ बसवा, वरचे दोन्ही हिशेब तिच्याच हाताने वहीत मांडून घ्या आणि तिलाच ते वडिलांपुढे वाचू द्या. तुम्ही बोललात तर तो विरोध वाटेल. तिने वाचले तर यजमानांना आकड्यांनाच उत्तर द्यावे लागेल. त्यांच्या आग्रहामागे लेकीचे भले व्हावे ही तळमळ आहे आणि कदाचित भावाला दाखवून देण्याची ईर्षाही आहे, म्हणून पहिले वाक्य ‘तिला इंजिनिअर करायचेच आहे’ हे असू द्या. दिरांना सांगायला तुमच्याकडे सोपे उत्तर आहे : शिक्षण शुल्क शासन भरते आहे आणि जमीन जागेवरच राहते आहे.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसेल, तर याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज करा. प्रवेश पक्का झाला की महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शुल्कमाफीचा अर्ज भरायचा आहे आणि तो दर वर्षी नव्याने करावा लागतो.