खरा इतिहास कोणता आणि सोयीने वळवलेला कोणता, हे सामान्य वाचकाने कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की समाजमाध्यमांवर रोज एक नवा ‘दडपलेला खरा इतिहास’ वाचायला मिळतो आणि शाळेत शिकलेले सगळे खोटे ठरवले जाते, तेव्हा इतिहासाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाने कोणावर विश्वास ठेवावा. मीही व्यवसायाने इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून मोडी शिकलो, आणि सुट्टीच्या दिवशी जुने कागद वाचत बसण्याची सवय लागली, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे उत्तर मराठेशाहीपुरते देतो.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न एकच आहे: “हे तुम्हाला कशावरून कळले?” मजकूर कोणत्या बाजूचा आहे, लिहिणाऱ्याचे आडनाव काय, तो कोणत्या पक्षाचा, हे सगळे नंतर. ज्याने खरोखर शोध घेतला आहे तो या प्रश्नाने सुखावतो आणि कागदाची तारीख, तो कोणाच्या दप्तरात मिळाला, त्यात कोणता शब्द लागत नाही, हे सगळे ऐकवल्याशिवाय आपल्याला सोडत नाही. ज्याने इतिहास वळवला आहे तो मात्र या प्रश्नावर चिडतो आणि आपल्या निष्ठेबद्दल बोलू लागतो.

शिवजन्माच्या तिथीचा वाद या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. बखरींच्या आधारे शके 1549 मधील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 1627 साल, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी मिळालेली शकावली, म्हणजे शकवार केलेल्या घटनांच्या नोंदी, लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. आता एका घराण्याच्या टिपणावर किती भिस्त ठेवायची, हा आक्षेप रास्तच होता. पुढे महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ हाती आले, त्यातही हीच तिथी होती. आणि दूर राजस्थानात, जोधपूरला, जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची जी कुंडली सापडली तीही याच तिथीची निघाली. मावळातला देशमुख, दरबारातला कवी आणि मारवाडातला ज्योतिषी या तिघांनी संगनमत करण्याचे काही कारण दिसत नाही. खरे वजन आहे ते या परस्परांपासून स्वतंत्र असण्याला. एकाच बखरीवरून उतरवलेल्या दहा बखरी मोजताना दहा नसतात, एकच असते.

याशिवाय शकावलीत वार दिलेला आहे, आणि वार पडताळून पाहता येतो. 19 फेब्रुवारी 1630 ला कोणता वार होता हे गणित करून काढले तर शुक्रवारच येतो. मी स्वतः एका दुपारी ‘खरे जंत्री’ हे तिथी-तारखा जुळवण्याचे पुस्तक न उघडता बोटांवर मोजून पाहिले आहे आणि जमले तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला होता. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, आजच्या पद्धतीने तो 1 मार्च येतो. मधूनच कोणीतरी हा दहा दिवसांचा फरक ‘लपवलेले सत्य’ म्हणून पुढे पाठवतो, त्यात काहीही लपवलेले नाही. महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली ती 2001 मध्ये, म्हणजे शकावली छापली गेल्यानंतर तब्बल 85 वर्षांनी. खऱ्या इतिहासाची गती साधारण अशी असते, आणि म्हणूनच ‘एका रात्रीत सगळे बदलले’ असे सांगणाऱ्या मजकुराकडे मी जरा संशयाने पाहतो.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे, कारण त्यात लोकांचे प्रेम गुंतलेले आहे. तानाजी मालुसरे पडले म्हणून कोंडाण्याचे नाव सिंहगड झाले, असे आपण सगळेच ऐकत आलो. तानाजींनी गड घेतला तो फेब्रुवारी 1670 मध्ये. परंतु महाराजांचे 3 एप्रिल 1663 चे एक पत्र उपलब्ध आहे, त्यात गडावर फितवा झाल्याचे कळल्यामुळे मोरोपंत आणि निळोपंत यांना तातडीने तिकडे जाण्याची आज्ञा आहे, आणि गडाचे नाव सिंहगड असेच लिहिलेले आहे. म्हणजे नाव किमान सात वर्षे जुने. हे मी एकदा गडावरच, पिठलं-भाकरी खाता खाता, सोबतच्या मंडळींना सांगितले, तेव्हा एका सद्गृहस्थांनी “तुम्हाला तानाजींचे काय वाकडे आहे?” असे विचारून माझ्याकडे पाठ फिरवली. दुसरे एक तरुण गृहस्थ त्याहून पुढे गेले. नावाची गोष्ट खोटी म्हणजे तानाजींची सगळीच कथा रचलेली, असा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथे काढला. मला दोघांचीही चूक सारखीच वाटते. तानाजींचे गड घेणे आणि तिथे कामी येणे कृष्णाजी अनंत सभासद या बखरकाराने लिहिले आहे, आणि सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस, राजाराम महाराजांसाठी जिंजीस लिहीत होता. त्याच्या बखरीत महाराजांच्या तोंडी ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ अशा अर्थाचे उद्गार आहेत. यात सिंह नाही, घोरपड तर नाहीच. तरी माणूस आहे आणि त्याचे मरण आहे. दंतकथेची साल काढताना आतला गर फेकून देणे हाही इतिहासाचा विपर्यासच.

प्रतापराव गुजरांच्या बाबतीत तर हे उलट्या बाजूने दिसते. नेसरीच्या खिंडीत सात जण दौडले ही केवळ कविकल्पना असावी, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. मग कळले की इंग्रजांच्या नोकरीतील नारायण शेणवी याने त्याच वर्षी, 1674 मध्ये, लिहिलेल्या पत्रात प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेल्याचे नमूद केले आहे. म्हणजे सात हा आकडा पक्का. पण उरलेल्या सहा जणांची म्हणून जी नावे आज फलकांवर आणि संदेशांत फिरतात, त्यांना समकालीन आधार नाही.

तथापि सरळ खोटे लिहिण्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर घडते ते गाळणे, आणि ते ओळखणे अवघड असते, कारण उरलेले प्रत्येक वाक्य खरे असते. अफजलखानाची भेट घ्या. ‘शिवभारता’त दोन्ही बाजूंच्या दहा-दहा अंगरक्षकांचा उल्लेख आहे. महाराजांच्या दहांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्यासोबत इब्राहिम सिद्दी आहे. खानाच्या बाजूला पिलाजी आणि शंकराजी मोहिते आहेत. खानाचा वकील, म्हणजे बोलणी करणारा दूत, कृष्णाजी भास्कर होता. मावळातले कान्होजी जेधे आदिलशहाचे फर्मान आले असता महाराजांकडे राहिले, तर खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. आता आपल्याकडे येणारे मजकूर या यादीच्या कडेला ठेवून पाहा. एकात इब्राहिम सिद्दी दिसत नाही, दुसऱ्यात फक्त तोच दिसतो, तिसऱ्यात कृष्णाजी भास्कर एवढा मोठा होतो की खान दिसेनासा होतो, आणि मोहिते व खोपडे तर बहुतेकांना परवडतच नाहीत. मी आता कोणताही लेख वाचताना लेखकाने स्वतःला न परवडणारे एखादे नाव ठेवले आहे का, ते शोधतो. ठेवले असेल तर पुढे वाचतो.

‘अस्सल पत्र’ म्हणून जी छायाचित्रे फिरतात त्यांच्याबद्दलही थोडे सांगायला हवे. महाराजांच्या पत्राला ठरलेला साचा असतो: मायना, कालगणना, मजकूर, शिक्का, आणि शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, म्हणजे छोटी मुद्रा. राज्याभिषेकापूर्वीच्या पत्रांत बहुधा सुहूर सन ही त्या काळची कालगणना असते, तीही अरबी संख्याशब्दांत. राज्याभिषेक शक येतो तो जून 1674 नंतर. त्यामुळे 1665 च्या म्हणवल्या जाणाऱ्या पत्रात राज्याभिषेक शक किंवा ‘छत्रपती’ हे पद दिसले, अथवा फारसी शब्दांचा मागमूस नसलेली, आजच्या अग्रलेखासारखी मराठी दिसली, तर मोडी न येणाऱ्यानेही थांबावे.

बरे, कागद खरोखर जुना असला म्हणजे तो खरे बोलतो असेही नाही. आमच्या घरी लाल रुमालात बांधलेले काही मोडी कागद होते आणि पाटीलकी आम्हांला एका मोहिमेतल्या पराक्रमाबद्दल मिळाली, असे आजोबांपासून सगळे सांगत. मोडी शिकल्यावर पहिल्या उत्साहात मी तो रुमाल सोडला. निघाला तो महजर, म्हणजे वतनाच्या तंट्याचा निवाडापत्राचा कागद. दोन भाऊबंदांच्या शाखा पाटीलकीसाठी भांडत होत्या, साक्षीदारांच्या नावांखाली नांगराच्या निशाण्या होत्या, आणि आमच्या शाखेने पुढे केलेला जुना कागद हा नव्यानेच करून आणला आहे, असे समोरच्यांचे म्हणणे त्यात स्वच्छ नोंदवलेले होते. वतनासाठी असे कागद त्या काळी सर्रास होत, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. आपल्या घरात होत असतील हे मात्र सुचले नव्हते. मोहिमेचा कुठे उल्लेखही नव्हता.

मी सगळे काकांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, “मग निकाल काय लागला?” एवढेच विचारले, आणि पाटीलकी निम्मी-निम्मी वाटून दिली हे कळल्यावर म्हणाले, “म्हणजे निम्मे तरी खरे असणार.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढल्या खेपेला समोरच्या शाखेच्या घरी जाऊन त्यांचा रुमाल पाहायला मिळतो का, ते बघणार आहे.